साइड-स्क्रोलर खेळायला बसताना: गेमपॅड की कीबोर्ड-माऊस?

मागच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात फोंड्याला घरी सगळे जमले होते. दुपारची आरती झाली, जेवणं झाली, आणि भाचा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला. 'हॉलो नाइट' हा खेळ त्याने नुकताच घेतला होता. दहा मिनिटांत हाक आली, "मामा, हांव दामतां, पूण तो उडना!" म्हणजे मी दाबतोय, पण तो उडी मारत नाही. जवळ जाऊन बघितलं. उजवा बाण दाबलेला, वर वार करायचा म्हणून वरचा बाणही दाबलेला, आणि अंगठा स्पेसबारवर आपटतोय. पडद्यावरचा तो शिंगवाला किडा जमिनीला चिकटलेला.

चूक त्याची नव्हती. तो कीबोर्ड ही तीन बटणं एका वेळी ओळखतच नव्हता. भाच्याने मात्र तिथल्या तिथे ठरवलं की अशा खेळांना गेमपॅडच, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा बटणांचा कंट्रोलरच लागतो, आणि आठवडाभरात मिळेल तो स्वस्त गेमपॅड मागवला. त्यावर त्याचा खेळ आणखी बिघडला. ही गोष्ट मी बऱ्याच नवख्या मुलांच्या बाबतीत पाहिली आहे. आपल्या हातात काय आहे आणि समोरचा खेळ काय मागतो, हे न बघताच पैसे खर्च होतात. म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. याच क्रमाने करत जा, खरेदीची पायरी बरीच नंतर येते.

पहिली पायरी: खेळात नेम कसा धरतात ते बघा

साइड-स्क्रोलर म्हणजे ज्यात पात्र बाजूने दिसतं आणि पडदा त्याच्याबरोबर आडवा सरकत जातो. लहानपणी टीव्हीला कॅसेटचा गेम लावून मारिओ किंवा 'कॉन्ट्रा' खेळलेल्यांना हे समजावायला नको. शाळेच्या कॉम्प्युटरवर 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्यांनाही नको.

पण या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीचे खेळ येतात, आणि सगळा निर्णय त्यावर आहे. पहिल्या जातीत पात्राचं तोंड जिकडे, तिकडे वार. फार तर वर, खाली आणि तिरका, म्हणजे एकूण आठ दिशा. मारिओ, 'कॉन्ट्रा', २०१७चे 'हॉलो नाइट' आणि 'कपहेड', २०१८चे 'सेलेस्ट' आणि 'डेड सेल्स' या जातीचे. इथे नेम धरायला माऊसला काही कामच नसतं. म्हणजे लोक 'गेमपॅड की कीबोर्ड-माऊस' असा वाद घालतात तेव्हा या खेळांपुरता तो वाद फक्त गेमपॅड आणि कीबोर्ड यांच्यातला असतो.

दुसऱ्या जातीत पाय एकीकडे धावतात आणि हत्यार भलतीकडेच रोखलेलं असतं. २०११चा 'टेरारिया', 'नोइता', 'माय फ्रेंड पेड्रो', 'कटाना झीरो' हे त्यातले. 'टेरारिया'त तर नेम धरण्याबरोबर खणायचंही असतं. जमिनीतला नेमका एक चौकोन निवडून फोडायचा, नेमक्या जागी दुसरा बसवायचा. हे काम माऊसने जितकं सहज होतं तितकं दुसऱ्या कशानेही होत नाही. गेमपॅडवर हे खेळ चालतात, पण नेमासाठी उजवी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी लागते, आणि उजवा अंगठा स्टिकवर गेला की उडीचं बटण कोण दाबणार? मग उडी वरच्या खांद्याच्या बटणावर न्यावी लागते, म्हणजे तर्जनीने उडी मारायला शिकावं लागतं. जमतं, पण पहिल्याच खेळाला ही कसरत कशाला?

आपला खेळ कुठल्या जातीचा हे ओळखायला सेटिंगमध्ये कंट्रोल्सचं पान उघडा. माऊसला नेम किंवा वार नेमून दिलेला असेल तर बहुधा दुसरी जात. माऊसचं नावच नसेल तर पहिली. विकत घेण्याआधी कळायला हवं असेल तर स्टीमवर, म्हणजे पीसीचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खेळाच्या पानावर कंट्रोलर पूर्ण चालतो की अर्धवट ते लिहिलेलं असतं, आणि तिथल्या व्हिडिओत एखादी फुली किंवा टिंब पडद्यावर फिरताना दिसलं तर माऊस तयार ठेवा.

खेळ दुसऱ्या जातीचा निघाला तर तुमचं उत्तर मिळालं. साधा तारेचा माऊस घ्या आणि खेळा. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र प्रयत्न करू नका. बरेच लॅपटॉप टाइप करताना तळहाताचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून बटणं दाबलेली असताना टचपॅड क्षणभर बंद ठेवतात, आणि तुम्हाला तर धावता धावताच नेम धरायचा असतो. इथून पुढे मी मुख्यतः पहिल्या जातीबद्दल बोलणार आहे, कारण घोळ तिथेच होतो.

दुसरी पायरी: घरात आहे तो कीबोर्ड तपासा

भाच्याच्या किड्याला उडी का मारता येत नव्हती? साध्या कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते, आणि जिथे त्या छेदतात तिथे एकेक बटण. एखादं बटण दाबलं की त्या आडव्या आणि त्या उभ्या तारेचा संपर्क होतो आणि आतली चिप ओळखते की बटण कुठलं. दोन बटणांपर्यंत काही अडचण नाही. पण जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर चौथ्या कोपऱ्यावरचंही दाबल्यासारखं चिपला वाटतं. नक्की काय दाबलंय ते तिला ठरवता येत नाही, म्हणून ती तिसरं बटण सोडूनच देते. महागड्या कीबोर्डांत प्रत्येक बटणाला डायोड असतो, त्यामुळे हा गोंधळ होत नाही. दोन बाण आणि स्पेसबार ही तिकडी तर अनेक साध्या कीबोर्डांवर अडते.

तपासायची रीत सोपी आहे. नोटपॅड उघडा. इंग्रजी डी दाबून धरा, डी-डी-डी उमटत जाईल. तो न सोडता एस दाबून धरा, आता एस उमटतील. दोन्ही धरलेले असतानाच जे एकदा दाबा. जे उमटला तर ही तिकडी चालते. मग के, एल, स्पेस असं एकेक करून बघा. कागदावर लिहून ठेवा कुठलं चाललं, कुठलं नाही. बाण नोटपॅडमध्ये उमटत नाहीत, त्यामुळे बाणांची चाचणी खेळातच करा: दोन बाण धरायचे आणि उडी, वार, डॅश (झटक्यात मारायची झेप) यांची बटणं पाळीपाळीने दाबायची.

एखादी तिकडी अडली तर नवा कीबोर्ड लगेच आणायला नको. सेटिंगमध्ये ती एक क्रिया शेजारच्या बटणावर हलवा. जाळीतली जागा बदलली की बहुतेक वेळा काम होतं. भाच्याची उडी मी स्पेसवरून झेडवर नेली, खेळात मुळात ती तिथेच असते, आणि किडा उडायला लागला.

शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट ही बटणं बहुतेक कीबोर्डांत वेगळ्या तारांवर असतात, म्हणून ती कशाबरोबरही चालतात. डॅशसाठी शिफ्ट चांगलं. पण विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी खेळाच्या मध्येच उघडते, आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की फिल्टर कीजची. बॉसशी, म्हणजे एखाद्या मोठ्या शत्रूशी, झुंजताना हे झालं की जीव गेलाच म्हणून समजा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, आणि तिथे या दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी, जे त्याच लॅपटॉपवर मराठी टाइप करतात. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की विंडोज भाषा बदलतं. खेळताना हे चुकून कधी दाबलं जातं ते कळत नाही, पण फोनेटिक मराठी सुरू झाली की काही खेळांत अक्षरांची बटणं चालेनाशी होतात आणि आपण कीबोर्ड बिघडला म्हणून डोकं धरून बसतो. खेळ सुरू करण्याआधी इंग्रजी निवडा, आणि भाषा बदलायचा तो शॉर्टकटही काढून टाका.

तिसरी पायरी: बोटांची मांडणी

याबद्दल कुणी फारसं सांगत नाही आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

'हॉलो नाइट' किंवा 'सेलेस्ट' कीबोर्डवर सुरू करा. दिशा बाणांवर, म्हणजे उजव्या हाताखाली. उडी, डॅश आणि वार ('सेलेस्ट'मध्ये वाराऐवजी भिंत पकडणं) हे झेड, एक्स, सी या बटणांवर, म्हणजे डाव्या हाताखाली. आता गेमपॅड हातात घ्या. दिशा डाव्या अंगठ्याखाली, उडी आणि वार उजव्या अंगठ्याखाली. हात पूर्ण उलटे झाले! कीबोर्डवरून गेमपॅडवर गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस लंगडल्यासारखं वाटतं त्याचं मोठं कारण हे आहे. गेमपॅड वाईट नसतो, मेंदूला डाव्या-उजव्याची अदलाबदल करावी लागत असते. आमच्या पिढीने 'प्रिन्स'पासून बाण उजव्या हाताने दाबले, ती सवय तर हाडात मुरलेली.

म्हणून तुम्ही अगदी नव्याने सुरुवात करत असाल तर माझा सल्ला असा. दिशा डावीकडे आणा: डब्ल्यू, ए, एस, डी. वार जे वर, डॅश के वर, तिसरं काही असेल ते एल वर. उडी स्पेसवर, आणि स्पेस डाव्या नव्हे तर उजव्या अंगठ्याने दाबा. आता दिशा डाव्या हाताकडे आणि करामती उजव्या हाताकडे आल्या. उद्या गेमपॅड घेतलात तर हात तेच काम करत राहतील, आणि 'टेरारिया'सारखा खेळ उघडलात तर डावा हात जागचा हलवायचीच गरज नाही, उजवा फक्त माऊसवर जाईल. ज्यांना बाणांची वर्षानुवर्षांची सवय आहे आणि गेमपॅड घ्यायचा विचार नाही, त्यांनी मात्र हे काही करू नये. चाललेला हात मोडू नये.

डब्ल्यूवर उडी ठेवू नका. ज्या बोटाने वर बघायचं त्याच बोटाने उडी मारली की वरचा वार आणि उडी यांची सरमिसळ होते.

कीबोर्डवर एक फसवणूक आहे ती माहीत असू द्या. डावीकडे धावताना झटकन उजवीकडे वळायचं असतं, तेव्हा ए सुटायच्या आधीच डी दाबला जातो. क्षणभर दोन्ही दिशा एकदम. काही खेळ शेवटी दाबलेली दिशा धरतात, काही पात्राला जागीच थांबवतात. वळताना पात्र अडखळतंय असं वाटलं तर हेच. उपाय म्हणजे बोट आधी उचलायची सवय. अगदी पहिल्या सुरक्षित जागेत उभं राहा आणि डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं, असं पाच मिनिटं करा. गेमपॅडच्या डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या कळीवर, हे होतच नाही, कारण तो मध्ये टेकलेला असतो. एक बाजू दबली की दुसरी वर उचलली जाते.

चौथी पायरी: गेमपॅड घ्यायचाच तर

एवढं करून आठवडाभर खेळलात, आणि तरी मनगट अवघडतंय, किंवा टीव्हीला जोडून कोचावर बसून खेळायचं आहे, तर गेमपॅड जरूर घ्या. मी स्वतः पहिल्या जातीचे खेळ आता गेमपॅडवरच खेळतो. हात मांडीवर सैल पडतात, खांदे खाली येतात, आणि तास-दीड तासाच्या बैठकीत हा फरक कळतो.

दुकानात लोक दिवे बघतात, आतली मोटर किती थरथरते ते बघतात. तुम्ही डी-पॅड बघा. डावीकडची ती अधिकच्या चिन्हासारखी कळ. निन्तेन्दो या जपानी कंपनीचे गुन्पेई योकोई यांनी १९८२मध्ये 'डाँकी काँग'च्या हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रासाठी ती बसवली, १९८३च्या फॅमिकॉम या टीव्हीला लावायच्या यंत्रावर ती आली, आणि मारिओ त्याच कळीवर धावला. आडव्या पडद्यावर चालणं म्हणजे डावं किंवा उजवं, हो किंवा नाही. त्यासाठी हो-नाही सांगणारी कळच बरोबर. अंगठ्याची स्टिक नव्वदच्या दशकात घराघरांत आली ती त्रिमितीतल्या खेळांसाठी, जिथे किंचित तिरकं आणि हळू चालणंही लागतं.

स्टिकवर काय होतं ते भाच्याकडून बघितलं. 'हॉलो नाइट'मध्ये हवेत असताना खाली वार केला की काट्यांवरून पुन्हा वर उसळता येतं. त्यासाठी 'खाली' आणि 'वार' एकदम लागतं. पुढे जाताना त्याचा अंगठा स्टिक उजवीकडून खाली न्यायचा, पण ती अर्ध्या वाटेत तिरकी असतानाच वाराचं बटण दाबलं जायचं. वार समोर जायचा, किडा काट्यांत पडायचा. दहापैकी चार-पाच वेळा हेच. मग डी-पॅडवर खेळ म्हटलं, तर त्या स्वस्त गेमपॅडचा डी-पॅड इतका ढिला की उजवं दाबलं की कधी 'खाली'ही लागायचं. पैसे गेले ते तिथे.

म्हणून दुकानात, किंवा घरी पार्सल उघडल्या उघडल्या परत करायची मुदत आहे तोवर, हे करा. गेमपॅड विंडोजला जोडा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकोनात इंग्रजीत जे, ओ, वाय, मग टिंब, मग सी, पी, एल लिहून एंटर करा. गेमपॅडची यादी उघडेल, त्यात प्रॉपर्टीज. आता डी-पॅडची उजवी बाजू दाबून धरा आणि अंगठा जागच्या जागी थोडा वर-खाली घोळवा. पडद्यावरचा दिशादर्शक उजवीकडेच राहायला हवा. सारखा तिरका उडत असेल तर परत करा. मग अंगठा न उचलता गोल फिरवा, आठही दिशा एकेक करून दिसायला हव्यात. 'सेलेस्ट'मध्ये आठ दिशांना डॅश मारायचा असतो, तिथे तिरकी दिशा न लागणारा डी-पॅडही तितकाच कुचकामी.

त्याच खिडकीत स्टिकला हात न लावता बघा. फुली मध्यावर स्थिर हवी. हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर त्याला ड्रिफ्ट म्हणतात. साध्या स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत असतं, ती पट्टी झिजली की स्टिक मध्यावर असूनही कललेली आहे असं वाटतं. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबकाने जागा ओळखतात, घासणं नाही, म्हणून त्या जास्त टिकतात. पण या खेळांपुरतं बोलायचं तर भारी स्टिक आणि सुमार डी-पॅड यापेक्षा उलटं असलेलं कधीही बरं. हजार-दीड हजाराच्या घरातल्या तारेच्या गेमपॅडमध्येही नीट डी-पॅड मिळतो, चाचणी मात्र करायची.

पाचवी पायरी: जोडणी

तार असेल तर तारच वापरा. बॅटरी संपण्याची चिंता नाही, आणि पावसात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन्ही चालू राहतात. वायरलेस घेतलात तर ब्लूटूथपेक्षा सोबत येणारा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, बहुधा बरा. तो डोंगल निळ्या यूएसबी पोर्टमध्ये हार्डडिस्कच्या शेजारी लावू नका, त्या पोर्टचा वेगवान व्यवहार डोंगलच्याच लहरींत खळखळ करतो. दुसऱ्या बाजूला लावा.

गेमपॅड जोडला तरी खेळ ओळखत नसेल तर बहुधा तो जुन्या पद्धतीने बोलतोय. पीसीवरचे आजचे खेळ एक्सइनपुट नावाची पद्धत धरून चालतात. स्वस्त गेमपॅडांवर मधलं बटण काही सेकंद धरलं की पद्धत बदलते आणि दिव्याचा रंग किंवा जागा बदलते. कागद वाचा, त्यात दिलेलं असतं. तरीही नाही झालं तर खेळ स्टीममधून उघडा आणि स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये बटणं नेमून द्या. प्लेस्टेशनचा गेमपॅडही असाच चालतो. फक्त खेळ पडद्यावर ए, बी, एक्स, वाय दाखवेल तेव्हा मनात अनुक्रमे फुली, गोल, चौकोन, त्रिकोण वाचायचं. निन्तेन्दोच्या गेमपॅडवर ए आणि बी यांची जागाच उलटी असते, तेही ध्यानात ठेवा.

टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. चित्र सुंदर दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे एकेका चित्रावर, प्रक्रिया करत बसतो आणि तेवढ्यात तुमची उडी उशिरा दिसते. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने पाच-सहा फ्रेम खाल्ल्या तर गेमपॅड कितीही भारी असो, उपयोग नाही. नवा गेमपॅड 'लॅग मारतो' अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी टीव्हीचा रिमोट हातात द्यायला सांगतो.

सहावी पायरी: अंगठा आडवा टाका

गेमपॅडवर नवख्या माणसाचा उजवा अंगठा कोंबडीसारखा टोचत राहतो. एक बटण दाबायचं, उचलायचं, दुसरं दाबायचं. मारिओत किंवा धावण्याचं बटण धरून ठेवावं लागतं अशा कुठल्याही खेळात तो इथेच अडकतो, कारण धावणं सोडलं तरच उडी मारता येते असं त्याला वाटतं.

अंगठा असा ठेवा. टोक डावीकडच्या एक्स बटणावर, आणि अंगठ्याचा पहिला सांधा खालच्या ए बटणावर नुसता टेकलेला. टोकाने एक्स दाबून धरा, पात्र धावायला लागेल. आता टोक न उचलता सांधा खाली कलवा, पोळपाटावर लाटणं किंचित एका बाजूला दाबतो तसं. ए दबतं, उडी बसते, एक्स धरलेलंच राहतं. सुरुवातीला दोन्ही एकदम सुटतील, उडी खुजी होईल. संध्याकाळभर केलं की अंगठा आपोआप लवायला लागतो.

डॅश मात्र अंगठ्याकडे देऊ नका, जिथे पर्याय असेल तिथे. उडी मारता मारता डॅश लागतो, म्हणून तो तर्जनीखालच्या उजव्या ट्रिगरवर हवा. 'हॉलो नाइट'मध्ये तो आधीपासून तिथेच दिलेला आहे. 'सेलेस्ट'मध्ये भिंत पकडणं ट्रिगरवर आहे आणि तेही योग्यच, कारण पकड धरून ठेवायची असते.

बटण किती वेळ दाबायचं याकडेही लक्ष द्या, गेमपॅड असो की कीबोर्ड. बहुतेक खेळांत उडीचं बटण जितकं धरून ठेवाल तितकी उडी उंच. नवखे टिचकी मारतात आणि उडी पुरत नाही म्हणून चिडतात. आणि कड्याच्या अगदी टोकावरून उडी मारायला घाबरू नका. 'सेलेस्ट'मध्ये पाय कड्यावरून सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडी मान्य केली जाते, म्हणजे सहा फ्रेम. करणाऱ्यांनी माणसाच्या हाताचा विचार करून ठेवलेली ती सवलत आहे, ती घ्या.

साधन बदललंत तर बॉसच्या दारात बदलू नका. आधी ओलांडलेल्या सोप्या भागात परत जा, तिथे दोन-तीन बैठका खेळा, मगच पुढे. आणि एका आठवड्यात तीनदा मांडणी बदलू नका. हाताला एकच गोष्ट पुरेशी वेळ द्यावी लागते.

सातवी पायरी: आपली हवा

हे पुण्या-नाशिकच्या माणसाला लिहायची गरज नाही, पण आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, आणि समुद्राजवळच्या घरांत तर हवेतलं मीठ धातूला लागतं. गेमपॅडच्या बटणांखालची रबरी चकती चिकट होते, यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर येतो. कीबोर्डचंही तेच, फक्त तो उघड्यावर असतो म्हणून लवकर.

झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, खेळून झालं की गेमपॅड त्यात. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी फटींत जाते. सेल घालायचे असतील तर पंधरा-वीस दिवस वापर नसताना काढून ठेवा, आत फुटलेला सेल पट्ट्या खाऊन टाकतो. घामट हात दर तासाला पुसा, आणि महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने बटणांच्या कडा आणि स्टिकची मान पुसून काढा. पाणी वापरायचं नाही.

चवथीला खेळायला बसणाऱ्या पोरांसाठी आमच्या घरी आता नियम आहे: नेवरी खाल्लेला हात साबणाने धुतल्याशिवाय गेमपॅडला लागत नाही. भाच्याने यंदा दुसरा गेमपॅड आणला, डी-पॅड चारदा तपासून. तो 'हॉलो नाइट' त्यावर खेळतो, त्याची धाकटी बहीण शेजारच्या टेबलावर कीबोर्ड-माऊस घेऊन 'टेरारिया'त खाण खणते. जुना ढिला गेमपॅड आम्ही टाकला नाही. त्याचा डी-पॅड सैल आहे, पण दोन्ही स्टिक अजून नीट आहेत, तेव्हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला की तो डब्यातून बाहेर येतो.